गाढव बोललं, परिटाला ओरडणं ऐकू आलं

हितोपदेशात वाराणसीच्या एका परिटाची गोष्ट आहे. रात्री त्याच्या घरात चोर शिरतो. अंगणात गाढव बांधलेलं, शेजारी कुत्रा बसलेला. गाढव म्हणतं, अरे भुंक की, मालकाला उठव. कुत्रा म्हणतो, हे माझं काम आहे, तू मधे पडू नकोस. आणि हा मालक हल्ली मला पोटभर खायलाही घालत नाही. दोघांची चांगलीच जुंपते. शेवटी गाढव स्वतःच जिवाच्या आकांताने ओरडतं. परीट दचकून उठतो, झोपमोड झाली म्हणून दांडकं उचलतो आणि गाढवाला इतकं बडवतो की ते मरतं.

दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये, असं या गोष्टीचं तात्पर्य सांगतात. ते घडीभर बाजूला ठेवा आणि गोष्ट कशी रचली आहे ते बघा. मालकाने खायला घातलं नाही तर चाकराने काम करावं का, यावर दोन प्राण्यांत रीतसर वाद झाला. तो आपण शब्दन् शब्द ऐकला. त्याच घरात झोपलेल्या परिटाला मात्र फक्त ओरडणं ऐकू आलं. गाढव मेलं ते या फरकामुळे.

माझं काम सॉफ्टवेअरचं. कुठलीही सिस्टिम बांधताना सुरुवातीलाच ठरवावं लागतं, की कोणाला काय दिसणार आणि कोणाला काय दिसणार नाही. बोलणाऱ्या प्राण्यांच्या गोष्टींतही असाच एक न सांगितलेला नियम असतो. प्राणी बोलतो, हे तर गृहीतच आहे. त्याचं बोलणं ऐकू कोणाला येतं, हे मात्र प्रत्येक गोष्ट आपापलं ठरवते. त्या नियमावरून गोष्ट सांगणाऱ्यांनी कोणाला आपल्यात धरलं आणि कोणाला कुंपणाबाहेर ठेवलं, तेही कळतं. हे तपासायला फार लांब जायची गरज नाही. मी नागपुरात मनीषनगरला राहतो. इथून दीड-दोनशे किलोमीटरांच्या टप्प्यात अशी तीन-चार जगं सापडतात.

सगळ्यात जुनं जग विदर्भाच्या राजकन्येचं. महाभारताच्या वनपर्वात नल-दमयंतीची कथा आहे. दमयंतीचं कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठी असलेलं कौंडण्यपूर, असं परंपरा मानते. निषध देशाचा राजा नल बागेत एक सोनेरी हंस पकडतो. हंस म्हणतो, मला मारू नकोस. मी दमयंतीपुढे तुझं असं वर्णन करीन की ती दुसऱ्या कोणाचा विचारच करणार नाही. नल त्याला सोडतो. हंस विदर्भात येतो, दमयंतीला एकटी गाठतो आणि शब्द पाळतो.

इथे हंस बोलतो याचा कोणी बाऊ करत नाही. नल 'अरे, पक्षी बोलला!' म्हणून धावत सुटत नाही. तो सौदा ऐकतो आणि मान्य करतो. जिवाच्या बदल्यात निरोप. पुढे वणव्यात अडकलेला कर्कोटक नागही नलाशी असंच बोलतो. मला उचलून ने, पावलं मोजत चाल, तुझं भलं करीन. दहाव्या पावलाला नाग नलाला डसतो. संस्कृतात 'दश' म्हणजे दहा आणि 'दश' म्हणजे 'डस' सुद्धा, म्हणून हा प्रसंग सांगणाऱ्यांनी त्यावर श्लेषही केला. डसल्याने नलाचं रूप बदलतं, आणि तेच पुढे त्याच्या उपयोगी पडतं. या जगात बोलणं म्हणजे करार करण्याची लायकी. माणूस आणि हंस एका पातळीवर नाहीत, एकाच्या हातात दुसऱ्याची मान आहे. तरीही शब्द देता येतो आणि घेता येतो.

आता 13व्या शतकात येऊ. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं मोठं तीर्थ. इथेच म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यातली सशाची लीळा प्रसिद्ध आहे. पारध्यांची कुत्री मागे लागलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली लपतो. पारधी ससा मागतात. आसऱ्याला आलेल्याला स्वामी देत नाहीत, पारध्यांना समजावतात. शिकार सुटते, ससा वाचतो.

हा ससा एक अक्षरही बोलत नाही. बोलतो तो माणूस, आणि तोही सशाच्या वतीने. ससा बोलला असता तर त्याने हंसासारखा काही बदला देऊ केला असता. इथे देवघेव नाहीच. जीव वाचवायला त्याच्याकडे भाषा असावी, अशी अट इथे कोणी घालत नाही.

त्याच शतकाच्या अखेरीस गोदावरीकाठी पैठणला नेमकी उलटी गोष्ट घडली, असं परंपरा सांगते. संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेली ज्ञानदेवादी भावंडं शुद्धिपत्र मागायला ब्रह्मवृंदापुढे उभी. सर्वांभूती एकच आत्मा, असं ज्ञानदेव म्हणतात. कोणी तरी जवळून जाणाऱ्या रेड्याकडे बोट दाखवतं: याचंही नाव ज्ञाना, मग याच्यातही तोच का? आणि रेडा वेद म्हणू लागतो. जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे, लोक तिथे आजही हात जोडतात.

नलाच्या जगात हंस बोलला तर कोणी चकित झालं नाही. पैठणच्या जगात रेडा बोलणं हाच चमत्कार. पण रेड्याला स्वतःबद्दल काही सांगायचं नाही. ओझ्याबद्दल नाही, पाठीवरच्या आसूडाबद्दल नाही. तो साक्षीदार म्हणून उभा आहे, आणि खटला माणसांचा आहे. ज्या मुलांचं म्हणणं धर्मसभेला ऐकू येत नव्हतं, त्यांचं म्हणणं ऐकू यावं म्हणून रेड्याला बोलावं लागलं. प्राण्यांच्या गोष्टीत ऐकू न येणारी माणसंही असतात, हे इथे पहिल्यांदा नीट दिसतं.

पुन्हा हितोपदेशाकडे येऊ, कारण मराठीत तो छापून आला त्यात एका नागपूरकराचा हात होता. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम केरी कंपनीच्या तरुण साहेबांना मराठी शिकवत. त्यांचे पंडित होते नागपूरचे वैजनाथशास्त्री कानफाडे. केरींचं मराठी व्याकरण 1805 चं, कोश 1810 चा. मग श्रीरामपूरच्या छापखान्यातून मोडी लिपीत सिंहासन बत्तिशी (1814) आली आणि 1815 मध्ये हितोपदेश. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील गद्य पुस्तकांत बोलणारे कावळे, उंदीर आणि कोल्हे आहेत, आणि ते मराठी शिकवत होते इंग्रजांना. हितोपदेशाचे चार भाग: मित्रलाभ, सुहृद्भेद, विग्रह, संधी. मैत्री, फूट, लढाई, तह. मे 1816 मध्ये नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांनी कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला, आणि नोव्हेंबर 1817 मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरकर हरले. पुस्तकामुळे काही झालं असं मुळीच नाही. पण कंपनीचे साहेब हे चार धडे मराठीतून गिरवत होते, हे विसरता येत नाही.

या हितोपदेशाच्या जगात प्राणी एकमेकांशी अखंड बोलतात. माणूस बहुतेक वेळा कडेला असतो, जाळं घेऊन. पहिल्याच भागात गोदावरीकाठच्या काटेसावरीवर राहणारा कावळा पारध्याला येताना बघतो. आकाशातून जाणाऱ्या कबुतरांना खाली तांदूळ दिसतात. त्यांचा राजा चित्रग्रीव त्यांना सावध करायला एक गोष्ट सांगतो: म्हातारा वाघ सोन्याचं कडं दाखवून वाटसरूला बोलावतो, मी आता धर्मशास्त्र वाचलंय, पापं सोडलीत म्हणतो. वाटसरू लोभाने तळ्यात उतरतो, चिखलात रुततो आणि वाघाच्या पोटात जातो.

आपण माणसाच्या पोरांना शहाणं करायला प्राण्यांच्या गोष्टी सांगतो. इथे कबुतरांना शहाणं करायला कबुतर माणसाची गोष्ट सांगतंय. त्यांच्या इसापनीतीतले प्राणी म्हणजे आपण. आणि या पुस्तकात माणसाला प्राण्याचं बोलणं कधी ऐकू येतं, तर सोन्याचं कडं दिसलं तेव्हा.

एरवी उंबरठ्याच्या आत आवाज बंद. गाढवाचं आपण पाहिलंच. दुसरी गोष्ट उज्जयिनीच्या ब्राह्मणाची. तान्ह्या मुलाजवळ मुंगूस ठेवून तो बाहेर जातो. मुंगूस पाळण्याकडे येणारा साप मारतं आणि रक्ताळलेल्या तोंडाने मालकाकडे धावतं. याने माझं मूल खाल्लं, असं समजून ब्राह्मण त्याला ठार करतो. ज्या पुस्तकात उंदीर नीतिशास्त्रातली वचनं घडाघडा म्हणतात, त्यात मुंगसाला 'मूल सुखरूप आहे' एवढे तीन शब्द बोलता येत नाहीत. बोलता आले असते तर गोष्टच घडली नसती.

पुढे 1828 मध्ये सदाशिव काशीनाथ छत्र्यांची इसापनीती मुंबईत छापली गेली. शाळेच्या पुस्तकांत बोलणारे प्राणी रुळले, पण तात्पर्याच्या नोकरीवर. घरातल्या बोलीत मात्र त्यांची नाती टिकली. चिऊताई, कोल्होबा, नागोबा. मांजर वाघाची मावशी. भोपळ्यात बसून लेकीकडे निघालेली म्हातारी वाघाला अजूनही घोळात घेते. आणि ताडोबा! वाघाशी झुंजताना मेलेल्या तारू नावाच्या गावप्रमुखाचा गोंडांनी देव केला, त्याचं ठाणं तळ्याकाठी आहे. मारणारा वाघोबा, मेलेला ताडोबा. दोघांनाही एकच आदराचा 'बा'.

शेवटचं जग नागपूरहून जबलपूर रोडला लागलं की येतं. रुडयार्ड किपलिंगच्या जंगल बुकमधले (1894) लांडगे सिवनीच्या डोंगरांतले, शेरखान वैनगंगेकाठचा. आपल्या घरांत मोगली आला तो दूरदर्शनवरून, गुलजारांच्या गाण्यासकट आणि नाना पाटेकरांच्या आवाजातल्या शेरखानासकट. किपलिंगच्या जंगलात प्राण्यांची भाषा शिकावी लागते. भालू ती मोगलीला शिकवतो, प्रसंगी चापट मारून. पण ही भाषा शिकलेल्या माणसाचं पुढे काय होतं? शेरखानाच्या कातड्यावर सरकारने शंभर रुपयांचं इनाम लावलेलं असतं. ते मिळवायला आलेल्या बुलदेव शिकाऱ्याला मोगलीच्या शब्दावर एक लांडगा जमिनीवर दाबून धरतो. बुलदेव गावात जाऊन सांगतो, पोरगा चेटक्या आहे. गाव त्याच्यावर दगड घालतं. हंसाशी बोलणारा नल राजाच राहिला. लांडग्याशी बोलणाऱ्या मोगलीला मात्र गावाबाहेर जावं लागलं.

हे सगळं जुनं आहे, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण विदर्भात प्रश्न रोजचा आहे. नोव्हेंबर 2019 मध्ये आमच्या वर्धा रोडवरच्या मिहानमध्ये वाघ फिरत असल्याचं कॅमेरा ट्रॅपमध्ये दिसलं. दोन-चार दिवस सगळ्यांच्या ग्रुपवर तेच. त्याच्या वर्षभर आधी, 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री, यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे एका वाघिणीला गोळी घातली गेली. सरकारी कागदावर ती टी-1, शहरातल्या प्राणिप्रेमींसाठी अवनी, आणि तिथल्या शेतकऱ्यांसाठी तिचं नाव घेणंही नकोसं. 13 माणसांचे बळी तिच्या नावावर लावले गेले. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलं, सुप्रीम कोर्टातही गेलं. कोर्टात, टीव्हीवर, मोर्चात प्रत्येक जण तिच्या वतीने किंवा तिच्याविरुद्ध बोलत होता.

आणि या गलक्यात परिटाचं घर पुन्हा उभं राहिलं. वाघिणीचं म्हणणं काय, ते कोणालाच ऐकू येणं शक्य नव्हतं. पण तिच्या वाटेवर गुरं चारणाऱ्या, कापूस वेचायला जायला घाबरणाऱ्या माणसांचं म्हणणं तर मराठीतच होतं. तेही कित्येकांना ओरडण्यासारखंच वाटलं. ज्यांना वाघाचा कळवळा होता त्यांना गाव ऐकू आलं नाही, आणि ज्यांना गावाचा होता त्यांना जंगल. पैठणला रेडा बोलावा लागला होता. इथे मेलेल्या माणसांचा आकडाच बोलला, तोही 13 झाल्यावर.

याच भागात एक वेगळा करारही झाला आहे, बिनशब्दांचा. मोगलीच्या सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना महाराष्ट्राच्या हद्दीत 9 ठिकाणी रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली. यासाठी कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्षं गेली, खर्च वाढला. वाटेत कॅमेरे लावल्यावर दिसलं की वाघ, रानकुत्री, चितळ खालून जातात. वरून आपले ट्रक जातात.

प्राणी तिथे काही बोलले नाहीत. त्यांना भाषा येते का, हे कोणी विचारलं नाही. कुठून जातात, कधी जातात, एवढं पाहून रस्त्याची उंची ठरवली. परिटाला गाढवाची भाषा यायची गरज नव्हती. दांडकं उचलण्याआधी घरात एकदा नजर फिरवली असती, तरी चोर दिसला असता.