बोटांची किंमत

ईदनंतर माझा एक जुना विद्यार्थी नवीन जालन्यात भेटला. सलाम केला, पण त्याचा उजवा हात खिशातच राहिला. एका हॉटेलात तो बावर्ची आहे. वय वीस. खिम्याच्या मशीनमध्ये त्याची दोन बोटं गेली होती. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं, वर थोडे पैसे दिले, विषय संपला. मी विचारलं तर खाली मान घालून म्हणाला, "सर, गलती मेरीच थी. दस्ता बाजू में पड़ा था, हाथ सेच गोश्त ढकेला."

मशीनमधला मळसूत्री दांडा मांस आत ओढतो. बोट आणि बोटी यांतला फरक त्याला कळत नाही. पण पोराचं ते "गलती मेरीच" डोक्यातून जाईना, म्हणून पुस्तकं काढून बसलो.

बोटांचा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे. इमाम शाफई यांनी 'अर-रिसाला'त नोंदवलंय, की हजरत उमर (रजि.) यांनी बोटांच्या दियतीचे दर वेगवेगळे लावले होते. अंगठ्याला १५ उंट, पुढच्या दोन बोटांना १०-१०, अनामिकेला ९, करंगळीला ६. जे बोट जास्त कामाचं, त्याचा दर जास्त. पुढे अम्र बिन हज्म (रजि.) यांच्या घराण्याकडचं नबी (स.) यांचं पत्र समोर आलं. त्यात प्रत्येक बोटाला १० उंट होते. मग तोच दर मान्य झाला, करंगळी आणि अंगठा सारखे. दियत ही एकाने दुसऱ्याला केलेल्या इजेची भरपाई, कामावरच्या अपघाताची नव्हे, हे खरं. पण गेलेल्या बोटाचा मोबदला मालकाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता, एवढं त्यातून दिसतं.

आपल्या देशात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ चा. भरपाईचा कायदा व्हायला १९२३ उजाडलं, तो १ जुलै १९२४ पासून लागू झाला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे ब्रिटिश मुलखाचा कायदा इथे आपोआप येत नव्हता. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने मशीनच्या धोक्याच्या भागाला आडोसा बांधणं बंधनकारक केलं. आणि १९७६ च्या दुरुस्तीत कारखान्याच्या व्याख्येतून हॉटेल, रेस्टॉरंट, खाणावळ नाव घेऊन वगळली! म्हणजे तेच मशीन कारखान्यात असलं तर त्याला कारखाना कायद्याचा आडोसा, भटारखान्यात असलं तर नाही. २०२० च्या संहितेतल्या व्याख्येतही हॉटेल बाहेरच आहे. मला हे आजवर पटलेलं नाही.

भरपाईचं मात्र तसं नाही. १९२३ च्या कायद्याच्या यादीत वीज किंवा गॅस वापरणाऱ्या हॉटेलातला स्वयंपाकी आहे. ती तरतूद आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेतली आहे. (ईएसआय लागू असेल तर वाट वेगळी.) यातले दर वाचताना मला हजरत उमर यांची पहिली यादी आठवली: अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, मधलं बोट १२, करंगळी ७. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के. पगार महिना १०,००० धरला, तर त्याच्या ६० टक्के म्हणजे ६,०००. विसाव्या वर्षाचा गुणांक २२४, म्हणजे १३,४४,०००. त्याचे २० टक्के २,६८,८००.

आणि गलती? नशेत असणं, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणं, आडोसा मुद्दाम काढणं, एवढ्याच सबबी मालकाला मिळतात. घाईत झालेली चूक त्यांत बसत नाही.

हा सगळा हिशेब मी त्याला कागदावर लिहून दिला, दाव्याला मुदत असते हेही सांगितलं. त्याने कागदाची घडी डाव्या हाताने खिशात घातली. "नौकरी गई तो, सर?" म्हणाला. तो अजून तिथेच आहे, पण आता त्याला टेबलं पुसायला ठेवलंय.