वस्तीच्या वाटेवरचा गाळ आणि ट्रॅक्टर

बर्फाळ मुलखात ट्रॅक्टरने घरापुढची वाट मोकळी करतात. साताऱ्यात बर्फाची मजल महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी गोठणाऱ्या दवापर्यंतच, आणि ऊन पडलं की तेही विरघळतं. त्याच महाबळेश्वरात उगम पावणारी कृष्णा सांगलीकडच्या वाटांवर जे आणून टाकते, ते मात्र उन्हाने जात नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ओसरलं तेव्हा डांबरी सडकेपासून वस्तीपर्यंतच्या मुरमाच्या वाटा गाळाखाली होत्या. हा गाळ काढताना ट्रॅक्टरच्या पात्यापेक्षा मुहूर्त महत्त्वाचा, हे या विवेचनाचं सूत्र.

आधी वजनाचा हिशेब. वाट १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि थर २० सेंटिमीटर धरला, तर ६० घनमीटर, म्हणजे सुमारे २१ ब्रास माल होतो. ताज्या भुसभुशीत बर्फाचा एवढा ढीग सहा टनांच्या आसपास भरेल. ओल्या गाळाचा ९५ टनांच्या पुढे जाईल. बर्फासाठी आखलेली यंत्रं आणि युक्त्या इथे जशाच्या तशा चालत नाहीत, त्याचं मूळ या फरकात आहे.

दुसरा प्रश्न थराच्या रचनेचा. साचलेल्या पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो, हे त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. ०.०२ मिलिमीटरचा पोयट्याचा कण तासाभरात मीटरभर खाली येतो. त्याच्या दहाव्या हिश्शाच्या चिकणमातीच्या कणाला तेवढ्यासाठी तीन-चार दिवस लागतात. म्हणून पूर जितका रेंगाळतो, तितकी वरची साय अधिक बारीक आणि निसरडी होते. खाली रेताड, वर चिकण असा हा थर असतो, आणि ट्रॅक्टरचं चाक नेमकं त्या चिकणावर चढतं.

स्वीडिश मृदाशास्त्रज्ञ आल्बर्ट आटरबर्ग यांनी १९११ च्या सुमारास मातीच्या अवस्था पाण्याच्या प्रमाणावरून ठरवल्या: प्रवाही, आकार घेणारी आणि ठिसूळ. आपल्या शेतकऱ्याला यातल्या शेवटच्या दोहोंमधली सीमारेषा वाफसा म्हणून पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. प्रयोगशाळेत मातीची वळी तळहाताखाली लाटतात. सुमारे ३ मिलिमीटर जाडीला ती तुटू लागली, की आकार घेणारी अवस्था संपली असं धरतात. बांधावर उभं राहूनही हे करता येतं, आणि माझ्या मते करावंच.

यावरून कामाच्या दोनच वेळा निघतात. पहिली, पाणी उतरत असतानाची. तेव्हा गाळ पातळ असतो. फावडी आणि खराटे घेऊन तो उतरत्या पाण्याबरोबरच ढकलावा. यात ट्रॅक्टरचं काम नाही. दुसरी, वाफशाची. मधले दिवस सर्वांत वाईट आणि नेमका धीर सुटतो तो तेव्हाच. साधारण दोन टनांच्या ट्रॅक्टरचं सव्वा टनाच्या आसपास वजन मागच्या चाकांवर असतं. कोरड्या, घट्ट जमिनीवर त्याच्या निम्म्याहून अधिक ओढ मिळू शकते. ओल्या चिकणावर ती पाचव्या हिश्शापर्यंत घसरते. टायरच्या नक्षीत गाळ भरला, की चाक गुळगुळीत होऊन जागेवर फिरतं आणि खालचा मुरूम उकरतं. शिवाय थांबण्याचा फायदा फुकटचा आहे: ९५ टनांतलं वीस-एक टन पाणी तोवर ऊन-वाऱ्याने उडालेलं असतं. फार थांबलं तर मात्र गाळ भेगाळून विटेसारखा कडक होतो आणि पातं त्यावरून नुसतं घासत जातं.

आता अवजार. मागे लावलेलं पातं पुढे ओढलं, तर चाकं आधी गाळ तुडवतात आणि मग पातं तो काढतं. म्हणजे दाबून घट्ट केलेलाच गाळ खरवडायचा. पातं उलटं फिरवून रिव्हर्स गिअरमध्ये हळू ढकललं, तर मागची चाकं साफ झालेल्या जमिनीवर राहतात. मान मोडते, पण काम होतं. पुढे लोडर असेल तर भरलेल्या बादलीने मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागे वजन लावावंच लागतं. पहिल्या फेरीत पातं मुरमापासून दोन बोटं वर ठेवावं. वाटेचा मुरूम एकदा गाळात मिसळला, की नवा विकत आणावा लागतो.

ट्रॅक्टर रुतलाच, तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. ती वर, टॉप लिंकच्या जागी, बांधून जोर लावला तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो. हात-दीड हात उंचीच्या फरकाने जीव जातो.

साताऱ्याच्याच पाटण तालुक्यातल्या दरडींना हे तंत्र लावू नये. जुलै २०२१ मध्ये आंबेघर आणि मिरगाव इथे डोंगर खाली आला. अशा ढिगाऱ्यात माती, दगड आणि झाडं एकत्र असतात. ट्रॅक्टरचं पातं त्यात वाकतं. ते पोकलेनचं काम.

उरतो प्रश्न टाकण्याचा. बर्फ कडेला लोटला तर वितळून जातो. गाळ कडेला लोटला तर दोन्ही बाजूंना बांध होऊन वाटेचाच ओढा बनतो. उताराच्या बाजूने चर उघडे ठेवावेत आणि माल ट्रॉलीने उचलावा. नेहमीची ट्रॉली एक ब्रासची धरली, तर वीसेक फेऱ्या होतील. बारीक पोयटा वीटभट्टीवाले नेतात, किंवा तो उसाच्या रानात पातळ पसरता येतो. पण वस्तीजवळच्या गाळात काचा, तारा आणि सांडलेलं डिझेल असतं. तो रानात टाकू नये, वेगळ्या खड्ड्यात पुरावा.