पाऊण वाटा बागेचा

क्षणभर डोळे मिटा. तुम्ही १८७० च्या दशकातल्या बर्मिंगहॅममध्ये, पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांच्या चौकात उभे आहात. साऱ्या चौकाला मिळून मोजके संडास, काजळी धरलेल्या विटा. घराला खिडक्या एकाच बाजूला, त्यामुळे वारा आत शिरला तरी आरपार जात नाही. या वस्त्या जवळून पाहिलेला क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा एक कारखानदार रविवारी सकाळी कामगारांना लिहावाचायला शिकवतो. त्याचं नाव जॉर्ज कॅडबरी.

आता १८७९. शहराच्या दक्षिणेला चार मैल चालत या. कुरणं, झाडी, बोर्न नावाचा ओढा. शेजारून कालवा जातो, रेल्वेही. रिचर्ड आणि जॉर्ज या भावांनी आपला चॉकलेटचा कारखाना इथे हलवलाय. उत्तम चॉकलेट फ्रेंचच, असं तेव्हा लोक मानत. म्हणून ओढ्याच्या नावाला फ्रेंच ‘व्हिल’ जोडलं. झालं बोर्नव्हिल.

पंधरा-सोळा वर्षं पुढे सरका. १८९३ मध्ये जॉर्जनी कारखान्यालगत १२० एकर जमीन घेतली, १८९५ पासून घरं उभी राहू लागली. विल्यम हार्वी या तरुण वास्तुकाराने आखलेल्या रस्त्यावरचं एक फाटक ढकला. नियम असा, की घराने जमिनीचा पाव वाटाच घ्यायचा. उरलेला पाऊण बागेचा. भाडेकरू यायच्या आधीच माती खणून ठेवलेली, सफरचंद आणि पेअरची रोपं लावलेली. दिवसभर यंत्राशी झुंजलेल्या माणसाने संध्याकाळी मातीत हात घालावा, हा हेतू. घरं केवळ कॅडबरीच्या कामगारांसाठी नाहीत. दारूचा गुत्ता मात्र कुठेच दिसणार नाही.

डिसेंबर १९०० मध्ये ३३० एकर जमीन आणि तीनशेहून अधिक घरं जॉर्जनी एका विश्वस्त संस्थेला देऊन टाकली. बोर्नव्हिलचं खरं मोठेपण मला इथे दिसतं. बाग लावणारे मालक पुष्कळ असतात. आपल्यामागे ती कुणी विकू नये, म्हणून स्वतःची मालकी सोडणारे थोडे.

वाऱ्यावर कोकोचा वास येतोय. त्यात साओ टोमे बेटावरच्या मळ्यांतल्या वेठबिगारांचे कष्टही आहेत. त्याची कुणकुण कॅडबरींना १९०१ पासून होती. तिथला कोको घेणं त्यांनी थांबवलं ते १९०९ मध्ये. इथल्या झाडांची सावली अनुभवताना तो उशीर विसरू नका.

आता आजच्या बोर्नव्हिलमध्ये या. हिरवळीच्या कडेला शाळेचा मनोरा. ब्रूज शहरातला घंटानाद ऐकून भारावलेल्या जॉर्जनी १९०६ मध्ये इथे घंटा बसवल्या. आता त्या ४८ आहेत. त्यांचे सूर छपरांवरून ओघळत येतात.

तुम्ही ठाण्याचे असाल, तर कारखान्यामुळे एका चौकाला पडलेलं कॅडबरी हे नाव रोजच्या बोलण्यातलं असेल. आपल्याकडे कित्येक मुलांनी कुठल्याही चॉकलेटला कॅडबरीच म्हटलं. त्या गोड शब्दामागचं हे गाव एकदा नीट पाहून घ्या.

निघण्यापूर्वी एखाद्या घराची पुढची खिडकी उघडा, मग मागची. बागेवरून आलेला वारा घरातून आरपार जातो.