स्टंपमागचा माणूस: दत्ताराम हिंदळेकर

मागच्या आठवड्यात सेलूहून एका पोराचा मेसेज आला. शाळेच्या बेसबॉल टीममध्ये तो कॅचर आहे. म्हणतो, "दादा, एक भाग कॅचरवर करा ना. सगळे पिचरचंच कौतुक करतात." बरोबरच आहे त्याचं. आपल्या परभणीत टेनिस बॉलच्या मॅचला सुद्धा, ज्याला बॉलिंग येत नाही त्याला सांगतात, "तू मागं थांब." झाला तो किपर! मग परभणीच्या उन्हात दिवसभर उठाबशा.

कॅचरची गोष्ट सांगतोच. पण त्याआधी आपल्या मातीतल्या एका किपरची सांगतो, कारण ती ऐकल्यावर कॅचरची गोष्ट जास्त कळेल. दत्ताराम हिंदळेकर. नाव ऐकलंय? मीसुद्धा बऱ्याच उशिरा ऐकलं.

जन्म १ जानेवारी १९०९, रत्नागिरीचा. क्रिकेट मुंबईचं. रणजी मुंबईकडून, आणि पंचरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून. तेव्हा मुंबईत धर्मावर टीम पडायच्या, आणि मैदान तुडुंब भरायचं. हिंदळेकरांच्या किपिंगला दिखावा नव्हता. उगाच डाइव्ह नाही, उगाच ओरडा नाही. बॉल यायचा आणि ग्लोव्हमध्ये बसायचा.

१९३६ साली इंग्लंडचा दौरा. कॅप्टन विजयनगरमचे महाराजकुमार, म्हणजे 'विझी'. या माणसावर वेगळा भाग होईल, आज नको. लॉर्ड्सवर पहिली टेस्ट आणि हिंदळेकरांची पण पहिलीच. किपिंग तर होतीच, वर ओपनिंगलाही पाठवलं, विजय मर्चंटबरोबर. २६ रन काढले. सगळी टीम १४७ मध्ये गेली, तिथं २६ म्हणजे कमी नाही.

पण बोटाचं हाड दुखावलं, नजरही धूसर झाली. पुढच्या मँचेस्टर टेस्टला ते बाहेर. त्यांच्या जागी ओपनिंगला कोण गेलं? मुश्ताक अली! मर्चंट आणि मुश्ताकने २०३ ची भागीदारी केली, जी आजही सांगितली जाते. किपरचं नशीब कसं असतं बघा. आपलं बोट मोडतं आणि इतिहास दुसऱ्याच्या नावावर जमा होतो.

मग दुसरं महायुद्ध. टेस्ट क्रिकेट बंद. वयाची २७ ते ३७, खेळाडूची ऐन उमेदीची वर्षं, तशीच निघून गेली. १९४६ ला टीम परत इंग्लंडला गेली तेव्हा किपर पुन्हा हिंदळेकरच.

त्यातली मँचेस्टर टेस्ट ऐका. जिंकायला २७८ हवे होते. भारताच्या ९ विकेट पडल्या. शेवटची जोडी उरली, रंगा सोहोनी आणि हिंदळेकर. दहा वर्षांपूर्वीचा ओपनर आता शेवटच्या जोडीत. मॅच संपायला १३ मिनिटं. आजूबाजूला सगळे फिल्डर अंगावर आलेले. हेल्मेट बिल्मेट काही नाही. दोघांनी ती १३ मिनिटं काढली. १५२ वर ९, मॅच ड्रॉ. एकूण टेस्ट किती खेळले? ४. रन ७१. मोबाईलवर स्कोअरकार्ड उघडलं तर दोन सेकंदांत स्क्रोल होऊन जाईल एवढंच.

आता पैशाचं बोलू. हा माणूस देशाचा किपर होता, पण क्रिकेट त्याचा धंदा नव्हता. नोकरी मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये, पगार महिना ८० रुपये. त्यावर मोठं कुटुंब. आजारी पडले तेव्हा नीट उपचार मिळाले नाहीत. अगदी शेवटी, हाताबाहेर गेल्यावर, आर्थर रोडच्या हॉस्पिटलात हलवलं. ३० मार्च १९४९ ला गेले. वय ४०. त्यानंतर क्रिकेट बोर्डाने आणि मुंबईच्या संघटनेने कुटुंबासाठी मदतीचं आवाहन केलं. त्यानंतर, बरं का.

आता आपल्या सेलूच्या भिडूसाठी कॅचर. रॉय कॅम्पनेला, फिलाडेल्फियाचा. वडील इटालियन वंशाचे, आई कृष्णवर्णीय. कातडीच्या रंगामुळे मोठ्या लीगचं दार बंद होतं, म्हणून पंधराव्या वर्षापासून कृष्णवर्णीयांच्या टीममध्ये पैसे घेऊन खेळला. दार उघडलं १९४८ मध्ये, ब्रुकलिन डॉजर्सकडून. हिंदळेकर गेले त्याच्या जेमतेम वर्षभर आधी. त्याने तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा मान मिळवला: १९५१, १९५३, १९५५. जानेवारी १९५८ मध्ये बर्फावरून कार घसरली, खांबाला धडकली, आणि तो कायमचा व्हीलचेअरवर आला.

पुढं काय झालं? ७ मे १९५९ ला लॉस एंजेलिसला त्याच्यासाठी एक मॅच ठेवली. लोक आले ९३,१०३. दिवे बंद केले, आणि सगळ्या स्टेडियमने काड्या पेटवल्या. तो ते बघायला समोर होता. पुढे डॉजर्सनेच त्याला काम दिलं, आणि तो १९९३ पर्यंत जगला.

अमेरिका लई भारी आणि आपण वाईट, असं मला म्हणायचं नाही. ज्या देशाने त्याला २६ वर्षांचा होईपर्यंत मोठ्या लीगबाहेर ठेवलं तो देश काही संत नव्हता. पण तिथं बॉल झेलणं हे काम मानलं जायचं, आणि कामाचा पगार असतो. आपल्याकडे तो शौक मानला गेला. शौकाला कोण औषधाचे पैसे देतं? माजी टेस्ट खेळाडूंना बोर्डाची पेन्शन सुरू व्हायला २००४ उजाडलं. हिंदळेकर जाऊन ५५ वर्षं झाली होती.

आणि एक राहिलंच. विजय मांजरेकर, म्हणजे संजय मांजरेकरचे वडील, हे हिंदळेकरांच्याच नात्यातले. १९५१ ला ते भारताकडून खेळू लागले, ५५ टेस्ट खेळले. नाव बॅट्समन म्हणून, पण गरज पडली तेव्हा ग्लोव्ह घालून स्टंपमागं उभे राहिले. टेस्टमध्ये त्यांच्या नावावर दोन स्टंपिंग आहेत. हिंदळेकरांच्या नावावर एकही नाही.