बिडीच्या कट्ट्यावरचा इशारा

गोंदियाच्या जंगलात एप्रिल-मे महिन्यांत तेंदूपत्त्याची तोडणी होते. पुढे घरोघरी याच पानात तंबाखू भरून, दोऱ्याने बांधून बिड्या वळल्या जातात. तंबाखूवरील इशाऱ्याचा इतिहास आपण या बिडीच्या बाजूने पाहू या. कारण तिच्यापर्यंत तो फार उशिरा पोहोचला.

१९५० साली ब्रिटनमध्ये डॉल व हिल यांनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. अमेरिकेत १९६६ पासून सिगारेटच्या पाकिटांवर इशारा छापला जाऊ लागला. भारतात त्यासाठी १९७५ साली कायदा झाला. सिगारेट ओढणे आरोग्यास अपायकारक आहे, एवढीच ती ओळ. कायदा सिगारेटपुरता होता, बिडी सुटली.

मग बिडी कमी घातक आहे काय? मुळीच नाही. तिच्यात तंबाखू कमी असते खरी. पण तेंदूचे पान सच्छिद्र नसल्याने बिडी सारखी विझू पाहते. ती पेटती ठेवण्यासाठी ओढणारा वरचेवर आणि खोल झुरके घेतो. त्यामुळे डांबर व कार्बन मोनॉक्साइड शरीरात भरपूर जातात.

२००३ च्या कायद्याने सर्व तंबाखूजन्य पदार्थ कक्षेत घेतले. ३१ मे २००९ पासून बिडीच्या कट्ट्यावरही चित्रमय इशारा आला. १९७५ पासून मोजल्यास ३४ वर्षे गेली! चित्र निरक्षरालाही कळते. राष्ट्रीय पाहणीत, इशारा पाहून बिडी सोडण्याचा विचार केला असे सांगणारे २००९-१० मध्ये सुमारे २९ टक्के होते, २०१६-१७ मध्ये ५४ टक्के. दरम्यान, एप्रिल २०१६ पासून इशाऱ्याने वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापला होता. अर्थात विचार करणे म्हणजे सोडणे नव्हे. आणि ही वाढ केवळ चित्रामुळे झाली, असेही यावरून सिद्ध होत नाही.

शिवाय दोन-चार सुट्या बिड्या घेणाऱ्याच्या हाती कट्टा येतच नाही. म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली.

आणि बिडी वळणारी बाई? दिवसभर तंबाखूची धूळ तिच्या नाकात जाते. तिच्या सुपावर कोणताच इशारा नसतो. आणि असता तरी, दुसरे काम हाती नसताना तिने तो वाचून काय करावे? वर्गात या प्रश्नावर जरूर चर्चा घडवा.