अक्षर कोणास म्हणावें?

संगणकाकडून मजकुरांतील शब्द हुडकून घेण्यासाठीं जी सांकेतिक भाषा वापरतात, तिला 'रेग्युलर एक्सप्रेशन' असें नांव आहे. तिचा जन्म गणिताच्या घरचा. स्टीफन क्लीनी या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञांनीं १९५१ सालीं मज्जातंतूंच्या जाळ्याचा विचार करतांना ती मांडली, आणि केन थॉम्पसन यांनीं १९६८ सालीं तिला मजकूर शोधण्याच्या कामास जुंपलें. क्लीनी यांच्या सिद्धांतास कोणतीहि वर्णमाला चालत होती. व्यवहारांत मात्र ती इंग्रजीच ठरली. १९६३ सालच्या 'आस्की' या संकेतांत मुळीं १२८ जागा. तेथें दुसऱ्या लिपीस थारा कोठून मिळणार!

'ए पासून झेडपर्यंतचें कोणतेंहि अक्षर' अशी आज्ञा केली म्हणजे यंत्र अक्षर ओळखतें, असें वाटतें. वस्तुतः तें दोन क्रमांकांमधला टापू तेवढा पाहतें. इंग्रजींत टापू आणि वर्णमाला जुळत असल्यानें हें व्यंग झांकून राहिलें. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली, अनेक लिप्या एका यादींत आल्या, आणि तें उघडें पडलें. रशियन वर्णमालेचा आरंभापासून अखेरपर्यंतचा टापू मागितला तर 'यो' हें अक्षर वगळलें जातें, कारण त्याचा क्रमांक शेवटच्या अक्षराच्याहि पुढें आहे.

आमची गत याहून वाईट. 'अ ते ह' मागितल्यास ळ सांपडतो. त्याला ल आणि व यांच्यामध्यें बसविलें आहे. परंतु अनुस्वार अ च्या अलीकडे आणि काना, मात्रा, वेलांटी ह च्या पलीकडे! 'गोविंद' या नांवाचे उरतात ग, व, द. नांव तपासणारा एखादा अर्ज अशा नियमानें चालला, तर गोविंदरावांस स्वतःच्या लिपींतच अशुद्ध ठरावें लागेल.

युनिकोडनें प्रत्येक चिन्हाची जात व लिपि नोंदून ठेविली आहे. त्यामुळें 'कोणत्याहि भाषेचें अक्षर' असें मागतां येऊं लागलें. पर्ल भाषेनें ही सोय २००० सालीं दिली. पण त्या नोंदींत वेलांटी हें अक्षर नसून अक्षरास जोडावयाची खूण आहे. ही विभागणी आम्हांस गैर वाटत नाहीं. वेलांटी एकटी कोण लिहितो? चूक होते ती केवळ अक्षरें मागून खुणा विसरणाऱ्याची. अक्षर आणि खूण अशा दोन्ही जाती मागाव्या, म्हणजे नांव अखंड राहतें. पायथॉन भाषेच्या मूळच्या साधनांत मात्र 'शब्दांत येणारें चिन्ह' या व्याख्येंत वेलांटी अद्यापि बसत नाहीं, आणि गोविंदाचे तेथें तीन तुकडे होतात.