क्रोशाची सुई आणि आयर्लंडचा दुष्काळ

टोंकाशीं आंकडा असलेली एक लहानशी काडी, एवढेंच क्रोशाच्या सुईचें स्वरूप. ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थही लहान आंकडा असाच होतो. साखळी घालावयाची, तींतून खांब उभे करावयाचे, कोठें मुका खांब तर कोठें जाळी, हा क्रम आपल्याकडील असंख्य स्त्रियांच्या बोटांना पाठ आहे. परंतु दाराचें तोरण किंवा तान्ह्या मुलाची टोपी विणणाऱ्या हातांना क्वचितच ठाऊक असतें कीं, या सुईनें एके काळीं एका देशांतील उपाशी कुटुंबें जगविलीं.

ही कला अतिप्राचीन असल्याचें पुष्कळदां सांगण्यांत येतें. त्यास आधार नाहीं. तिचे छापील नमुने मिळतात ते १८२३-२४ च्या सुमारास ‘पेनेलोपे’ या डच मासिकांत. कच्छांतील मोची आरीनें जें साखळीटांक्याचें भरतकाम करीत, तसेंच काम अठराव्या शतकांत युरोपांत रूढ झालें होतें. त्यांतूनच खालचें वस्त्र वगळून क्रोशे निघालें, असें कित्येक अभ्यासक मानतात.

१८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गरिबांचें सारें अन्न म्हणजे बटाटा. तो शेतांतच कुजला. पुढील कांहीं वर्षांत सुमारें १० लाख माणसें उपासमारीनें व साथींनीं मेलीं आणि तितकींच किंवा अधिक देश सोडून गेलीं. त्याच काळांत तेथून धान्य परदेशीं जात होतें, ही गोष्ट आयरिश लोक अजून विसरलेले नाहींत.

कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथें उर्सुलाइन पंथाच्या जोगिणींनीं गरीब मुलींना क्रोशे शिकविण्यास आरंभ केला होता. व्हेनिसची सुईनें केलेली लेस श्रीमंतांत मोलाची गणली जाई; पण ती सिद्ध होण्यास फार काळ लागे. क्रोशानें तसाच उठाव कितीतरी थोड्या वेळांत साधे. जाड दोरा आधाराला धरून त्यावर टांके घेतले कीं पाकळी फुगीर होते. अशीं गुलाबफुलें, द्राक्षांचे घोस, त्रिदळी शॅमरॉकचीं पानें सुटींसुटीं विणावयाचीं, कापडावरील आकृतीवर टांचावयाचीं, मधली जागा जाळीनें भरावयाची आणि शेवटीं कापड अलग करावयाचें. या सुटेपणांतच खरी युक्ति होती. एका घरांत फुलें होत, दुसऱ्यांत पानें, जोडणारी बाई तिसरीच. झोपडींतील धुरानें सूत काळवंडे, म्हणून तयार लेस धुऊन पांढरी करावी लागे.

१८४७ सालीं मोनाहन परगण्यांतील क्लोन्स गांवीं धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिनें हेंच काम सुरू केलें. तेथील ‘क्लोन्स गांठ’ आजही प्रसिद्ध आहे. एखादें फूल हें एखाद्या कुटुंबाचें गुपित असे; परकें माणूस आलें कीं तें झांकून ठेवीत, असें सांगतात. मिळकत अल्प, पण तींतून घरभाडें भरलें गेलें, आणि कित्येकांचें अमेरिकेच्या जहाजाचें भाडेंही निघालें.

याच वर्षांत लंडनला एलेओनोर रिएगो द ला ब्रँशार्दिएर ही तरुणी पुढें आली. बाप फ्रेंच, आई आयरिश. १८४६ सालीं तिचें पहिलें पुस्तक निघालें तेव्हां तिनें विशीही गांठली नव्हती. १८८७ सालीं मृत्यु येईपर्यंत तिचें हें वेड सुटलें नाहीं. नमुन्यांचीं ७० च्या आसपास पुस्तकें तिनें काढलीं, आणि १८५१ च्या महाप्रदर्शनांत पदक मिळविलें. आयरिश क्रोशे आपणच शोधून काढलें, असा तिचा दावा होता. तो जसाच्या तसा मान्य करणें कठीण, कारण जोगिणींचें काम तिच्या पुस्तकाआधींच चाललें होतें. तथापि हातांहातीं चालत आलेल्या टांक्यांना कोणासही वाचून विणतां येईल असें लेखी रूप देण्यांत तिचा वांटा मोठा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिसच्या फॅशनींत या लेसला पुन्हां बहर आला. १९१४ च्या महायुद्धाबरोबर तो ओसरला.

आपल्या नाशिकजवळ उगम पावणारी गोदावरी जेथें सागरास मिळते, त्या भागांतील नरसापूर येथें एकोणिसाव्या शतकांत मिशनऱ्यांनीं ही कला नेली. तेथील लेस परदेशीं जाऊं लागली, पण विणणारणी दरिद्रीच राहिल्या. जर्मन विदुषी मारिया मीस यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या या स्त्रियांना फावल्या वेळीं काम करणाऱ्या गृहिणी समजून अत्यल्प मजुरी दिली जाई, आणि व्यापार पुरुषांच्या हातीं असे. २०२४ सालीं नरसापूरच्या क्रोशे लेसला भौगोलिक मानांकन मिळालें. त्यामुळें त्या परिसराबाहेर विणलेली लेस आतां कायद्यानें त्या नांवाखालीं विकतां येत नाहीं.